सरवा कुणाचा?

येशूनं सांगितलेला मूर्ख श्रीमंताचा दाखला बहुतेक उपदेशांत लूक १२:१६ पासून सुरू होतो. खरी सुरुवात तीन वचनं अलीकडे आहे. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी द्यायला सांगा. म्हणजे प्रकरण वाटणीचं. सातबारा, बांधावरचं आंब्याचं झाड, विहिरीतला चार आण्यांचा हिस्सा, पाण्याची पाळी. करवीर, कागल, शिरोळकडच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. येशू पंच व्हायला साफ नकार देतो आणि त्या वारसदाराला, जमलेल्या सगळ्यांनाच, कोठारवाल्याची गोष्ट सांगतो.

दाखल्याची पहिली ओळ नीट वाचावी. पीक येतं ते जमिनीला. त्या माणसानं काय कष्ट केले याचा उल्लेखही नाही. पुढं तो बोलायला लागला की मात्र माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. बोलतो कुणाशी? स्वतःशीच. अख्ख्या बोलण्यात बायको नाही, सालगडी नाही, शेजारी नाही. त्यानं कुणाला लुबाडलं असं लूक कुठंही म्हणत नाही. माणूस हिशेबी आहे. जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा बेतही व्यवहाराला धरूनच आहे. फक्त कोठाराचं माप काढताना दुसऱ्या कुणाचं पोट धरलेलं नाही.

श्रीमंती पाप आहे का, यावर आपल्याकडं युवक मेळाव्यात तासन्‌तास चर्चा होते. मला ती चर्चा पळवाट वाटते. पवित्र शास्त्र या बाबतीत माणसाच्या कळवळ्यावर फारसं विसंबून राहत नाही, ते सरळ व्यवस्था लावून देतं. शेताचा कोपरा सोडा, मजुरी दिवस मावळायच्या आत द्या, पैसे नेताना एकट्यानं नेऊ नका. व्यवस्था नसेल तर कळवळा पगाराच्या आठवड्यात असतो आणि महिनाअखेरीला नसतो.

वाटणीचंच आधी घेऊ. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांत सारखं. मुलगा-मुलगी भेद नाही. वडिलांच्या नावावर १८ गुंठे असतील, मागं आई, दोन भाऊ आणि एक बहीण असेल, तर आईचे ६ आणि तिघांचे प्रत्येकी ४. इतकं सरळ असताना घडतं काय? स्मरणाची प्रार्थनासभा होते, जेवणं उरकतात आणि बहिणीपुढं हक्कसोडपत्राचा विषय निघतो. ती सही करते, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटतं. साडी मिळते. बहिणीनं मनापासून हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार आहे, पण मनापासून म्हणजे काय ते तपासायची साधी रीत आहे. तिच्या ४ गुंठ्यांची आजच्या बाजारभावानं होणारी रक्कम कागदावर लिहा, तो कागद तिच्या हातात द्या, तिला तिच्या घरी जाऊ द्या आणि महिनाभर विषय काढू नका. महिन्यानं ती स्वतः म्हणाली तर दुय्यम निबंधकाकडं जा. सलाफहादाच्या मुली वडिलांचा हिस्सा मागायला मोशेपुढं उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं खुद्द देवानं सांगितलं (गणना २७). हा भाग आपल्या देवळांत वर्षानुवर्षं वाचलाच जात नाही.

आता सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेलं वेचणं. रूथच्या पुस्तकामुळं हा शब्द ख्रिस्ती घरांत शहरातल्या पोरांनाही माहीत असतो. लेवीय १९:९-१० मध्ये नियम आहे: कापणी करताना शेताचे कोपरे कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, द्राक्षमळा पुन्हा झाडून घेऊ नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. अनुवाद २४:१९ त्यात भर घालतं: शेतात विसरलेली पेंढी आणायला मागं फिरू नका. कोपरा केवढा, हे नियमशास्त्रात नाही. पुढं यहुदी शास्त्र्यांनी मिश्नात, म्हणजे त्यांच्या नियमसंग्रहात, किमान साठावा हिस्सा ठरवला. आपल्या एकराला लावून बघा. ४० गुंठ्यांचा साठावा हिस्सा म्हणजे ७२६ चौरस फूट, पाऊण गुंठासुद्धा नाही. एवढंही सोडवत नव्हतं, म्हणून नियम करावा लागला.

सरवा म्हणजे दान नव्हे, ही यातली महत्त्वाची गोष्ट. दान मालक उचलून देतो, कुणाला द्यायचं ते ठरवतो, समोरच्यानं हात जोडावेत अशी त्याची अपेक्षा असते. सरव्यात मालकाला हात आखडता घ्यायचा असतो, बस. येणारा स्वतःची पाटी घेऊन येतो, स्वतःच्या कष्टानं वेचतो, उपकार कुणाचे मानायचे नसतात. रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचायला गेली तो बवाज एक पाऊल पुढं गेला. त्यानं गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम गळू द्या आणि तिला बोलू नका. त्या संध्याकाळी रूथनं झोडपलेलं जव एफाभर (एफा हे त्या काळचं धान्याचं माप) भरलं. तिला कुणी पिशवी भरून दिली नाही, फोटो तर नाहीच नाही.

आपल्याकडं भुईमुगाच्या शेंगा काढल्यावर रानात सरवा वेचायला बायका-पोरं येतात. त्यांना हाकलणारा मालक आणि दुपारी पाणी देणारा मालक, दोन्ही असतात. उसात सरवा म्हणजे वाढं, उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. तोडणी कामगार आपल्या बैलांसाठी वाढं ठेवतात, उरलेलं विकतात, त्यावर त्यांचा वरखर्च चालतो. त्या वाढ्यातला अर्धा वाटा मालकानं मागायला सुरुवात केली की समजावं, कोपरा कापला गेला.

ऊसतोडीचं थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण लेवीयातला ‘परका’ ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या शिवारात कोपी घालून राहतो आणि आपण त्याला बायबलमध्ये शोधत बसतो. हिशेब असा: नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती टनामागच्या दरानं फेडायची असते. बाई पहाटे भाकरी करून फडात जाते, तोडते, मोळ्या बांधते, गाडीत चढवते. हिशेबात ती अर्धा कोयता. शेतकऱ्याची बाजूही खोटी नाही. तोड लवकर मिळावी म्हणून त्याला खुशाली मोजावी लागते, गाडीवाल्याला एन्ट्री म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, आणि ऊस वाळला तर वजन त्याचं घटतं. दोघंही एका साखळीत अडकलेत, हे मान्य करूनच पुढं बोलायला पाहिजे. मुकादमाची उचल एकट्या शेतकऱ्याला मोडता येत नाही. पण आपल्या फडावर टोळी आहे तेवढे दिवस काही गोष्टी त्याच्या हातात असतात: मोटरीचं स्वच्छ पाणी भरून घ्यायला सकाळ-संध्याकाळ मोकळीक, कोप्यांपर्यंत एक दिवा, बायकांना संडास वापरायची परवानगी, तान्ह्या पोराच्या झोळीसाठी सावलीतली जागा. खर्च जवळजवळ नाही. अडचण कुठं येते? ‘एकदा वापरू दिलं की घाण करतात’ इथं. त्यावर उपाय बादली, झाडू आणि फिनेल ठेवणं हा आहे, कुलूप हा नाही.

मजुरीचं वचन आपण फार सोयीनं वाचतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे १४ दिवस कोल्हापूर जिल्ह्यात शाळकरी पोराला पाठ असतात, त्यासाठी रस्ते अडवले जातात, आणि ते बरोबरच आहे. पण अनुवाद २४:१५ मजुराला १४ दिवस देत नाही. दिवस मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो. भांगलणीच्या बायकांना ‘बिल आल्यावर देतो’ म्हणणारा माणूस स्वतःच्या बिलासाठी मात्र मोर्चात पुढं असतो. शहरात हीच गोष्ट धुणंभांड्याच्या ताईंची. पगार १ तारखेला ठरलेला, आपण गावाला गेलो म्हणून ७ तारखेला. आपणच आठ दिवस घर बंद ठेवलं म्हणून पगार कापलेला. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. ती आपली बाई ओरडत नाही, कारण तिला पुढच्या महिन्यातही काम हवं असतं.

इथं येशूला भेटलेला जकातदार जक्कय आठवावा. त्यानं दोन वेगवेगळ्या रकमा सांगितल्या. मालमत्तेतलं अर्धं गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. पहिलं दान, दुसरी परतफेड. आपण परतफेड दानाच्या खात्यात दाखवतो. थकलेली मजुरी द्यायची राहिली असताना मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपकारस्तुतीचं मोठं अर्पण दिलं, की पावती मिळते आणि टाळ्याही.

सावकारीबद्दल एकच वाक्य. सुभेदार नहेम्यानं यरुशलेमच्या धनकोंना व्याजापोटी घेतलेला शंभरावा हिस्सा परत करायला लावला (नहेम्या ५:११), आणि आपल्याकडं महिना शेकडा पाचनं पैसे फिरवणारी माणसं रविवारी पुढच्या बाकावर बसतात.

मंडळीला द्यायच्या दशमांशाचं गणित पगारदाराला सोपं आहे. हातात ३२,००० येत असतील तर ३,२००, आणि ते पहिल्या दिवशी वेगळे. शेतकऱ्याचं अवघड आहे. ऊसबिल वर्षातून एक-दोनदा येतं, त्यातून सेवा सोसायटीचं कर्ज आधीच वळतं झालेलं असतं, खात्यावर पडते ती उरलेली रक्कम. मग दहावा हिस्सा कशाचा? माझं मत असं: लागवड, खत, पाणी, मजुरी हा पिकाचा खर्च वजा करा, घरखर्च, लग्न, गाडीचा हप्ता वजा करू नका. उदाहरणादाखल ४० टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये धरले तर १,२०,०००. पिकाचा खर्च ७०,००० असेल तर उरले ५०,०००, त्यातले ५,०००. सोसायटीचं कर्ज पिकासाठीच उचललेलं असेल तर ते त्या ७०,००० मध्ये आलंच, पुन्हा वजा करू नये. ही दुबार वजावट हमखास होते. कर्ज पोराच्या मोटरसायकलीवर गेलं असेल, तर तो घरखर्च.

प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला (१ करिंथ १६:२) दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपल्या मिळकतीप्रमाणं, घरीच बाजूला काढून ठेवायला सांगितलं, म्हणजे तो आल्यावर ऐनवेळी वर्गण्या नकोत. यामागं व्यवहार आहे. आधीच बाजूला पडलेला पैसा द्यायला त्रास होत नाही. खिशातून काढायला होतो. बिलावर जगणाऱ्यानं आठवडा सोडून ‘बिलाचा दिवस’ धरावा. बँकेचा संदेश आला की त्याच संध्याकाळी तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात. दुसऱ्या दिवशी खतवाल्याचा फोन येतोच.

आणि ज्याच्या घरात रोजची चूल रोजच्या हजेरीवर पेटते, त्याच्याकडं दशमांश मागू नये. नियमशास्त्रातला दशमांश जमिनीच्या उत्पन्नावर आणि जनावरांवर होता, आणि तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवून लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खायचा होता (अनुवाद १४:२८-२९). विधवा घेणारी होती. दानपात्रात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेवर उपदेश करून दुसऱ्या विधवांना अर्पणाला प्रवृत्त करणारे उपदेशक मार्क १२ मधलं चाळिसावं वचन गाळतात. त्यात येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो आणि लगेच पुढं ही बाई दानपात्रापाशी येते. तिचं कौतुक आहे, त्यात वाद नाही. पण तिचं होतं-नव्हतं ते त्या पेटीत का गेलं, हा प्रश्न तिथंच उभा आहे.

मंडळीचा गरीब फंड. पुष्कळ ठिकाणी प्रभुभोजनाच्या रविवारचं वेगळं अर्पण यात जातं. चालवायची रीत नीट असेल तर लहान फंडसुद्धा पुष्कळ काम करतो. अर्पण त्याच दिवशी, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजावं आणि वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात. बँकेत दोन सह्यांचं खातं. निर्णय तिघांचा, त्यात किमान एक बाई, कारण मासिक पाळीच्या, बाळंतपणाच्या, नवऱ्याच्या दारूच्या अडचणी पाळकसाहेबांच्या कानावर येतच नाहीत. २,००० पर्यंतची मदत दोघांनी फोनवर ठरवून त्याच दिवशी द्यावी. त्यापुढची तिघांनी दोन दिवसांत. औषधाचे पैसे औषध दुकानात, फी शाळेत. घेणाऱ्याचं नाव वहीत असतं, वार्षिक अहवालात फक्त क्रमांक. हातउसने म्हणून द्यायचे नाहीत, कारण पैसे परत देता आले नाहीत की माणूस लाजेनं देवळात यायचा बंद होतो. रक्कम बुडते आणि माणूसही. पाळकांनी एकट्यानं रोख वाटू नये, कितीही प्रामाणिक असले तरी. पौल स्वतः एवढा मोठा माणूस, पण यरुशलेमची मदत नेताना त्यानं मंडळ्यांनी निवडलेले भाऊ बरोबर घेतले, कुणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०).

यादी कुणी करायची, यावर प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय पुरतो. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. कुरकुर झाली. मग जे सात जण नेमले त्या सातांचीही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच माणसांच्या हातात दिलं. आपल्या मंडळ्यांत यादी सहसा जुन्या घराण्यांतले करतात आणि नव्यानं आलेली, भाड्यानं राहणारी कुटुंबं सुटतात.

मदत म्हणजे पैसाच असं नाही. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातली नावाची चूक, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, सीपीआर या सरकारी रुग्णालयात योजनेत ऑपरेशन बसवण्यासाठीचे कागद. यात शिकलेल्या माणसानं दोन सकाळी घालवल्या तर फंडातून कधी निघाली नसती एवढी रक्कम त्या घरात येते. पगारदाराच्या शेताचा कोपरा त्याच्या रजेत असतो.

महापुराचं कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो आकडा दिवसातून चारदा बघायची सवय लागलेली. दर वेळी तीच चूक होते. कपाटं साफ करायला मिळाली म्हणून लोक जुने कपडे पाठवतात, ते निवारा केंद्राबाहेर भिजत पडतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत चूल नसते, तेव्हा कोरडा शिधा निरुपयोगी. शिजवलेलं अन्न, पिण्याचं पाणी, अंथरूण, सॅनिटरी पॅड, आणि जनावरांना ओला-सुका चारा. चाऱ्याची आठवण शहरी मदतवाल्यांना शेवटी येते आणि गोठा सोडून यायला तयार नसलेला माणूस त्यामुळंच पाण्यात अडकतो. पाणी ओसरल्यावर फावडी, खराटे, गमबूट, ब्लीचिंग पावडर. घरात चूल पेटली की मग शिधा. चार माणसांना पंधरा दिवस म्हणजे तांदूळ १० किलो, ज्वारी किंवा गहू १२ किलो, तूरडाळ २ किलो, तेल २ लिटर, साखर २ किलो, चहापूड पाव किलो, मीठ १ किलो, कांदा-लसूण चटणी अर्धा किलो, साबण. ज्वारीचं पीठ आधी दळून ठेवू नये. दमट हवेत आठ-दहा दिवसांत ते कडवट लागतं, विरी जाते, थापायला घेतलं की भाकरी चिरते. धान्य द्यावं आणि दळणाचे पैसे गिरणीत भरून ठेवावेत. गिरणीही पाण्यात गेली असेल तर दळून आणायचं काम तरुण संघाचं.

येशूच्या दुसऱ्या एका दाखल्यात लाजर नावाचा भिकारी एका श्रीमंताच्या दाराशी पडलेला होता (लूक १६). मेल्यावर तो श्रीमंत अब्राहामाला म्हणतो, लाजराला पाठव. म्हणजे नाव ठाऊक होतं. रोज येता-जाता बघितलेला होता. तिथंही त्याला लाजर पाण्यात बोट बुडवायला हवा होता, निरोप्या म्हणून हवा होता. वाटप करणाऱ्यांनी हा दाखला अधूनमधून स्वतःला वाचून दाखवावा, विशेषतः शिधा घ्यायला आलेल्यांना ओळीत उभं करून बॅनरखाली फोटो काढायच्या आधी.

आपण कोल्हापूर-मिरजेकडचे ख्रिस्ती लोक एका काळी घेणाऱ्यांच्या ओळीत होतो, हेही विसरून चालत नाही. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, १८९४ मध्ये मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचं रुग्णालय उभं राहिलं. शाळा, वसतिगृहं, दवाखाने हे सगळं मुख्यतः अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या वर्गणीवर चाललं. ज्यांनी नाणी टाकली त्यांनी पंचगंगा कधी पाहिली नव्हती.

शेवटचा मुद्दा फंडाच्या शिलकीचा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो आणि तो चोरीचा नसतो. ३१ मार्चला वार्षिक सभेत खजिनदार अभिमानानं सांगतात, गरीब फंडाची शिल्लक एवढी वाढली, मुदत ठेवीत टाकलीय. सगळे माना डोलावतात. गरीब फंड दर वर्षी वाढतोय म्हणजे एकतर मंडळीत गरीब उरलेले नाहीत किंवा त्यांना विचारलं गेलेलं नाही. वाळवंटात इस्राएल लोकांना रोज मिळणारं अन्न, मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला तेव्हा त्यात किडे पडले (निर्गम १६:२०). थोडी राखीव रक्कम लागते, आपल्याकडं तर लागतेच, पुरामुळं. तिचा हिशेब असा धरावा: मंडळीतली पूररेषेतली घरं मोजायची, प्रत्येक घरामागं वरच्या शिध्याची आणि साफसफाईच्या सामानाची किंमत धरायची आणि तेवढीच रक्कम १ जूनला खात्यात असेल असं बघायचं. पाऊस परतला की ऑक्टोबरपासून ती आजारपण, फी, घरभाडं यांना मोकळी. मार्चअखेर खात्यात पुढच्या जूनपुरतं सोडून जे काही उरलं असेल, त्याबद्दल खजिनदारांना सभेत प्रश्न विचारावा.